पाचवी फ्लॉपी

नाना आज सकाळी गेले, अमळनेरला, स्वतःच्या घरी. पाचवी फ्लॉपी अजून सापडलेली नाही.

ज्यांना हे काय आहे ते माहीत नाही, त्यांच्यासाठी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. नाना होते तोवर लिहायची हिंमत नव्हती.

नव्वदीच्या दशकात मी धुळ्याला एका पाटबंधारे कचेरीत नोकरीला लागले. जळगावच्या कॉन्व्हेंटमधली मुलगी. इंग्रजी चांगलं, म्हणून नवीन आलेला कम्प्युटर माझ्या हवाली झाला. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवघरात जावं तसं.

नाना तिथले जुने ड्राफ्ट्समन. रोज अमळनेरहून एसटीने यायचे.

धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या तीस गावांना पाणी किती वाजता पोचेल, हे टेबल ते ग्राफ पेपरवर हाताने काढायचे. दोन दिवस लागायचे.

आणि सुरुवात नेहमी शेवटच्या गावापासून.

"उलटं का करता नाना?"

"पहिलं गाव कोनी बी बरोबर करस, पोरी. शेवटलं देख."

मी हसले होते.

साहेबांनी ते टेबल स्प्रेडशीटवर करायला सांगितलं. एका पानावर गावं आणि अंतरं. दुसऱ्या पानावर नदीच्या वेगाची जुनी नोंदवही: सगळ्यात वर ताजा पूर, खाली आधीचे दिवस.

मी पहिल्या गावाचा फॉर्म्युला लिहिला, वरच्या ताज्या वेगाशी जोडला, आणि खाली तीस ओळींत कॉपी केला.

एक बटण.

साहेब म्हणाले, "नाना, तुमचे दोन दिवस आणि या बाईंचं एक बोट. करा आता आराम."

नाना पेन्सिलीला टोक काढत बसले.

मी पाच फ्लॉप्या भरल्या, खालच्या पाच कचेऱ्यांसाठी. लेबलवर लाल शाईने, नन्सनी गिरवून घेतलेल्या माझ्या वळणदार अक्षरात: फ्लड १, फ्लड २... फ्लड ५.

पुढच्याच आठवड्यात धरण भरलं. सकाळी नऊला दरवाजे उघडले. साहेब धरणावर. मी वरच्या ओळीत त्या दिवसाचा वेग भरला आणि माझ्या टेबलवरून खालच्या गावांना वायरलेसने वेळा गेल्या.

दहाच्या सुमारास नाना चपला बाहेर काढून आत आले. हातात ग्राफ पेपरचा तुकडा. त्यावर एकच गाव. शेवटचं.

"तुना कागद पाच वाजता पानी सांगस. मना हिशोब एक वाजता."

"नाना, कम्प्युटर चुकत नाही."

"नसेल चुकत. पन आज तठे बजार शे. नदीमा."

त्या गावचा आठवडी बाजार नदीच्या कोरड्या वाळूत भरायचा. चार वाजेपर्यंत माणसं असायची.

मी शेवटच्या ओळीवर कर्सर नेला. फॉर्म्युला वाचला आणि चूक दिसली.

फॉर्म्युला खाली कॉपी केला की तो ज्या घराकडे, म्हणजे सेलकडे, बघतो ते घरही एकेक ओळ खाली सरकतं. ते सरकू नये म्हणून त्याला डॉलरचं चिन्ह लावून जागेवर बांधावं लागतं. मी लावलं नव्हतं.

पहिल्या गावाला आजचा वेग. दुसऱ्याला आधीच्या नोंदीचा. तिसऱ्याला त्याच्याही आधीचा. तिसाव्या गावापर्यंत येताना नदी अगदी शांत झाली होती.

कागदावर.

नाना माझ्या खांद्यामागून बघत होते. "आकडा खरा शेतस," ते हळू म्हणाले. "पन आजना नहीत."

त्यांनी फोन उचलला आणि शेवटच्या गावाचं ठाणं मागितलं.

"पाच नाही. एक. बाजार उठवा... हो, कागदावर पाच आहे. कागद चुकला. टाइप करताना माझी चूक झाली."

नानांना टाइप करता येत नव्हतं.

मग एकेक करून बाकीची गावं. खालून वर. त्यांनी गाव सांगायचं, मी वेळ काढायची.

पाणी एकला दहा मिनिटं कमी असताना आलं. बाजार उठला होता. एक बाई विसरलेला तराजू आणायला परत उतरली होती, तिला वेणी धरून ओढून काढलं म्हणे.

संध्याकाळी नानांनी एकच विचारलं.

"किती ठिकाने गयी ती फ्लॉपी?"

पुढचे दोन महिने दर शनिवारी आम्ही दोघं एसटीने फिरलो. चार फ्लॉप्या मिळाल्या. एक तर सुपारीच्या डबीखाली होती.

पाचवीचा क्लार्क बदली होऊन गेला होता. सामानाबरोबर फ्लॉप्यांचा खोकाही गेला. त्याच्या शेजारी बसणारे भाऊ कौतुकाने म्हणाले, "ते पाण्याचं टेबल ना? फार सोपं. त्याने दोघातिघांना कॉपी करून दिलं."

परतीच्या बसमध्ये नाना खिडकीबाहेर बघत बसले.

तेव्हापासून दरवर्षी, धरण भरलं की त्यांचा फोन.

"पाचवी भेटनी का माय?"

मी समजवायचे. नाना, आता फ्लॉपी कोण वापरतं. माणसं बदलली, मशिनं बदलली.

"फ्लॉपी गयी. तिनामातलं कुठे गयं?"

फायली एका मशिनमधून दुसऱ्यात जात राहतात. नाव बदलतं, वरची ओळ बरोबर येते, कोणी उघडून बघत नाही.

आज त्यांचा मुलगा म्हणाला, "अक्का, परवा शुद्धीत होते तेव्हा विचारत होते, दरवाजे उघडले का."

उघडलेत. चार दिवसांपासून.

यंदा फोन आला नाही.

तुमच्यापैकी कोणी कुठल्या कचेरीत असाल आणि पुराचं जुनं टेबल हाताशी आलं, तर पहिली ओळ बघून समाधान मानू नका. शेवटच्या ओळीवर जा. फॉर्म्युला उघडा. मग मला कळवा.

नाना, माझी चूक तुम्ही तुमच्या नावावर घेतलीत. आज ती परत घेते.

शेवटचं गाव मी बघते. तुम्ही आता निजा.