एक लाख पंधरा हजार दोनशे

त्या रविवारी आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नऊपासूनच फोनशेजारची खुर्ची धरली होती. सीमेवरच्या ठाण्यावरून नवऱ्याच्या फोनची पाळी पंधरवड्यातून एकदा यायची, अकरा ते साडेअकरात कधीतरी दोन मिनिटं. कँटोन्मेंटमध्ये क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून आम्ही गुडगावच्या नव्या सोसायटीत भाड्याने राहत होतो. लाइन एकच, आणि तिच्यावरच माझा मोडेम; तो चालू असला की बाहेरच्याला फोन बिझी लागायचा. टायपिंगचं काम नुकतंच मिळालं होतं. रविवारी सकाळी ऑफिसची फाइल उतरवून घेतली नाही, तर ते दुसऱ्या कुणाला जाणार होतं.

दहाला सुरुवात केली. म्हटलं, वीस मिनिटांचं काम. फाइल अर्ध्यावर येई, चुका दाखवी आणि बंद पडे. तीनदा तेच झालं. आबा मध्येच हॉलमधला रिसीव्हर उचलून पाहत असणार आणि त्यानेच फाइल तुटत असणार, अशी माझी खात्रीच झाली. मी तरातरा गेले आणि त्यांच्या फोनची वायर भिंतीतून उपटली. फाइल आली की लगेच लावते, म्हणाले. आबा त्या मुक्या फोनपाशीच बसून राहिले.

चौथ्यांदाही फाइल पडली तेव्हा मला रडू फुटलं. मग कुठे मोडेमचं पुस्तक उघडलं. कॉम्प्युटर जुना असेल तर पोर्टचा, म्हणजे मोडेमकडून कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वाटेचा, वेग कमी ठेवा, नाहीतर येणारी अक्षरं त्याला झेलता येत नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी ठेवला होता एक लाख पंधरा हजार दोनशे. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, सबसे ऊपरवाला रखो," आणि मला ते फार आवडलं होतं. जन्मभर सगळं खालचंच घेतलेलं. वरचं मिळतंय तर का सोडा? कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसाने टाकून दिलेला आहे, हे मी सोयीस्करपणे विसरले होते.

वेग एकोणीस हजार दोनशेवर आणला. फाइल मुंगीच्या पावलांनी, पण न अडखळता उतरू लागली. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. लाइन तोडावी म्हणून हात पुढे गेला आणि मागे आला. थोडीच राहिलीय, थोडीच राहिलीय, असं म्हणत मी साडेअकरा वाजवले.

वायर लावली. आबांनी रिसीव्हर कानाला लावला, टोन ऐकला आणि जपून खाली ठेवला. सकाळपासून त्यांनी त्याला हात लावला तो तेव्हाच, हे आता मला कळत होतं.

"आली का गं फाइल?"

"आली, आबा."

"मग झालं. लाइन बिझी लागली म्हणजे घरात माणसं आहेत, एवढं तरी त्याला कळलं असेल."

माफी मागायची सोडून मी भाजी चिरायला बसले.