फुफाजींचं सूत

भंडारा जिल्ह्यात अशी पडकी भिंत दाखवा, जिला आमच्या फुफाजींनी सूत लावलं नाही! फुफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, पवनीचे विणकर. टेपावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. किल्ला असो, गढी असो की देऊळ, मागावरचं पांढरं सूत भिंतीला लावून ते चालत, कोपऱ्यावर गाठ मारत आणि घरी येऊन ती लड चिठ्ठी बांधून खुंटीला टांगत. दिघोरीत एका म्हातारीनं ते सूत नवसाचं समजून नारळ फोडला. यांनी खोबरं खाल्लं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून केली! चुना-मातीनं मळलेल्या त्या लडी आत्यानं एकदा धुवायला घेतल्या, तर फुफाजींनी घर डोक्यावर घेतलं. "त्या गढीची माती हाय ते! धुतलं तं राहिलं काय?"

या सगळ्याचं त्यांना पुस्तक काढायचं होतं. जन्माचा एवढाच हट्ट. तेवढ्यात जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला. छापखानेवाला म्हणाला, "काका, तिकडचे गाळा." फुफाजी मोजमापांची वही छातीशी धरून बसले. "पोरगी सासरी गेली म्हणून तिचं नाव कायले खोडाचं?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुस्तक अडलं ते अडलंच.

पुढे गुडघे गेले. अड्याळकडची एक गढी तेवढी मोजायची राहिली होती. मला सूत देऊन म्हणाले, "माहे पाय गेले बाप्पा. तू मोजून आण. मंग वही पुरी झाली."

मी गेलो. गढी नव्हतीच. मशीन लावून तिची माती रस्त्याच्या भरावात टाकली होती. हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? चहाच्या टपरीवर बसून मी अंदाजानं चार गाठी मारल्या आणि सूत तोडलं.

फुफाजींनी ते बोटांतून हळूहळू सरकवलं. पहिली गाठ, दुसरी. तिसरीवर थांबले.

"याले माती काहून नाही लागली रे?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिठ्ठीवर गढीचं नाव लिहिलं, लडीला बांधली आणि मलाच टांगायला दिली.

फुफाजी गेले. पुस्तक निघालंच नाही. खुंटीवर त्या सगळ्या मळकट लडींत ती एक अजून पांढरी दिसते. आत्या ती कधी धुवायला मागत नाही.