धुऱ्यावरची पृथ्वी

अकोल्याहून पुतण्याचा फोन आला, तेव्हा मी गोठ्याच्या दाराशी दगडावर बसून विळ्याला धार लावत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी बरं म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि उरलेली धार लावून घेतली. माणूस अशा वेळी काहीही करतो. मग लक्षात आलं, आपण बसलोय तो दगड वसंतभाऊंचाच आहे...

वसंतभाऊ माझे चुलतभाऊ. अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि वलगावजवळच्या शेतावर राहायला आले; शेवटच्या आजारपणात तेवढे मुलाकडे अकोल्याला होते. शेतीतलं त्यांना फारसं कळत नव्हतं आणि सांगितलेलं ते ऐकतही नव्हते. विहिरीजवळ मोटारीची खोली आहे, तिच्या भिंतीवर त्यांनी मीटरभर रुंदीचा पिवळा गोल रंगवला. हा सूर्य. तिथून माझ्या शेताच्या दिशेने पावलं मोजत आले आणि चुना लावलेले तीन दगड रोवले... बुध, शुक्र, पृथ्वी. तिसरा दीडशे पावलांवर. त्याच्या डोक्यावर एक हरभरा चिकटवला. सूर्य तेवढा, तर पृथ्वी एवढी, आणि मधे सगळं रिकामं रान. गुरू म्हणजे मोठं संत्रं, पण ते पार नाल्यापलीकडे ठेवावं लागलं असतं म्हणून राहूनच गेलं.

दीडशेवं पाऊल नेमकं आमच्या दोघांच्या शेतांमधल्या बांधावर, धुऱ्यावर पडलं होतं. आमच्याकडे धुऱ्यावर चुन्याचा दगड दिसला की मोजणीच आठवते. याच धुऱ्यापायी आमच्या वडिलांनी कित्येक वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं. मी हरभरा पाहिलाच नाही. दगड उपटला, खांद्यावर टाकून घरी आणला आणि भाऊ धुरा सरकवून राहिले म्हणून गावभर सांगितलं.

संध्याकाळी भाऊ आले. चहा घेतला, सगळं समजावलं. मी खजील झालो. उठताना म्हणाले, "ज्यानं काढला त्यानंच लावावा. मी वाट पायतो."

उद्या लावतो म्हणालो. तो उद्या तीन वर्षं चालला. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. शाळेची पोरं पाहायला आली की भाऊ त्या खड्ड्यापाशी थांबून शांतपणे सांगायचे, "पृथ्वी सध्या माह्या भावाच्या घरी हाय." माझ्या कानावर यायचं, मीही हसायचो... दगड मात्र नेला नाही. त्याचं आता फार वाईट वाटतं.

तेरवी झाल्यावर नेला. खोलीपासून मोजत निघालो, तर एकशे तीस पावलांतच धुरा आला. माझी ढांग मोठी, भाऊंची लहान, आणि जुना खड्डा एव्हाना बुजलेला. धुऱ्यावर रोवून मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी दीडशे सांगितली होती, आणि मला एकदा तरी त्यांचं ऐकायचं होतं. वीस पावलं माझ्याच कपाशीत, उभ्या पराटीत शिरलो, दोन झाडं उपटली, दगड रोवला, वर हरभरा चिकटवला. हिशेबाने चूकच झाली. भाऊ असते तर त्यांनी दुरुस्त करायला लावली असती.

हरभरा दुसऱ्या दिवशी पाखरानं नेला. परवा कापूस वेचायला आलेल्या सीताबाईंनी विचारलं, "भाऊ, हा दगड काहून मधातच?"

"राहू द्या," मी म्हटलं. "जागा त्याचीच हाय. मीच उशिरा आनला."