तीनशे चोवीस पायऱ्या

चहा आधी ओतून घ्या सगळ्यांचा. हे सांगताना मी मध्ये थांबलो, तर पुन्हा सुरू करायची माझी हिंमत होणार नाही. माणसाच्या हातून चुका होतात, हे मान्य. पण स्वतःच्या चुकीचा शोध लावायला साठ पोरांना डोंगर चढायला लावणारा माणूस तुम्ही पाहिलाय? नसेल पाहिला, तर बघून घ्या. समोर बसलाय.

आमची सून स्वाती नागपुरातल्या एका शाळेत गणित शिकवते. नोकरी एका वर्षाच्या कराराची. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे मुख्याध्यापिका वानखेडे मॅडमच्या हातात. या मॅडमना हसताना मी पाहिलेलं नाही, आणि ज्यांनी पाहिलंय त्यांच्यावर माझा विश्वास नाही. स्वातीने त्यांच्यापुढे एक कल्पना मांडली. सातवीच्या पोरांना जवळच्या एखाद्या लहान गावात न्यायचं आणि गावभर फिरवत तिथल्या प्रसिद्ध जागांवर गणितं सोडवायची. घड्याळाचा कोन, दीपमाळेची उंची, टेकडीच्या पायऱ्या. गणिताची पायी सहल.

मॅडम म्हणाल्या, "मी स्वतः येईन. मग ठरवू." म्हणजे काय ठरवणार, ते स्वातीला कळलं. रात्री तिला जेवण गेलं नाही.

आता घरात अडतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला, चार पुस्तकं वाचलेला सासरा रिकामा बसलेला असताना सुनेने काळजी का करावी? मी म्हटलं, "प्रश्न आणि उत्तरं मी तयार करतो."

गाव रामटेकच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण मला तिकडून अजून जावं यावं लागतं. नोकरीत असताना खात्याच्या कामाने अशी पन्नास गावं मी पालथी घातली होती, त्यातलंच हे एक. देवस्थानाची एक जुनी स्मरणिका माझ्या कपाटात होती. तिच्यात सगळं छापलेलं होतं. त्यात एक वाक्य वाचून तर मी खुर्चीत ताठ बसलो: 'शासकीय नोंदीनुसार टेकडीला तीनशे चोवीस पायऱ्या आहेत.'

तीनशे चोवीस म्हणजे किती? अठरा गुणिले अठरा. पूर्ण वर्ग. मी तिथल्या तिथे दोन पानांचं टिपण लिहिलं. आपल्या पूर्वजांनी पायऱ्या अशा बेहिशेबी बांधल्या नाहीत, त्यात वर्गाचं सूत्र गुंफलं, अंकांची बेरीज नऊ येते हाही योगायोग नव्हे, वगैरे. वाचताना माझाच ऊर भरून आला.

स्वातीने विचारलं, "बाबा, एकदा जाऊन मोजून यायचं का?"

"शासकीय नोंद आहे, बेटा," मी म्हटलं. "शासकीय नोंदीला मोजत नसतात."

सुरुवात छान झाली. एसटी स्टँडवरचं घड्याळ कित्येक वर्षांपासून चारवर बंद आहे. म्हणूनच मी ते निवडलं होतं, आपण पोचेपर्यंत उत्तर बदलायची भीती नाही. पोरांनी काट्यांमधला कोन एकशेवीस अंश काढला. बरोबर. मग देवळापुढची दीपमाळ. मी एक काठी उभी धरली आणि सांगितलं, काठीची सावली काठीएवढी झाली की दीपमाळेची सावली मोजा, तीच तिची उंची. पोरं सावलीकडे डोळे लावून बसली. मॅडमनी वहीत काहीतरी बरोबरची खूण केली. स्वातीच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग टेकडी. टेकडीला सहा टप्पे, प्रत्येक टप्प्यावर थांबायला एक ओटा. पोरांचे पाच गट केले आणि दिले सोडून. मी गुडघ्याचं कारण सांगून खालीच, गिरजाबाईंच्या फुलांच्या दुकानापाशी बाकड्यावर बसलो. त्यांनी विचारलं, "काय मोजून राहिले हे लेकरं?"

"पायऱ्या."

"मंग मले इचारा ना. रोज चढतो मी."

"मावशी, हे गणित आहे," मी म्हटलं. किती प्रेमाने म्हटलं, ते आठवून आजही अंगावर काटा येतो.

पोरं खाली आली. पाच गटांची उत्तरं: दोनशे सत्त्याऐंशी, दोनशे सत्त्याऐंशी, दोनशे शहाऐंशी, दोनशे सत्त्याऐंशी, दोनशे अठ्ठ्याऐंशी.

"पाचही चूक," मी म्हटलं. "तीनशे चोवीस."

"पाचही?" मॅडमनी चष्मा खाली घेतला.

"गप्पा मारत चढतात, मॅडम. लक्ष कुठे असतं? पुन्हा जा रे."

"अजून एक बार?" एक पोरगा कळवळला. "आजोबा, तुम्ही चला ना गा आमच्यासंगं."

"माझं झालेलं आहे," मी म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

या वेळी मॅडम स्वतः निघाल्या. एकेका पायरीवर पेन्सिलीने हवेत खूण करत त्या वर गेल्या आणि तशाच खाली आल्या. चेहरा लाल, अंबाडा सुटलेला. "दोनशे सत्त्याऐंशी," त्या म्हणाल्या.

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? माफी मागितली असती, सगळ्यांना लिंबूपाणी पाजलं असतं. मी म्हटलं, "दुरुस्तीत काही पायऱ्या सिमेंटखाली गेल्या असतील."

"सदतीस?" मॅडमनी विचारलं.

"पावसाने माती घसरून खालच्याही काही..."

"काका, इथं माती नाही. खडक हाये सारा," गिरजाबाई हार गुंफता गुंफता म्हणाल्या. "दोनशे सत्त्याऐंशीच हाये. माह्या सासूच्या टायमालेही तेवढ्याच होत्या."

मॅडम माझ्याकडे बघतच नव्हत्या आता. त्यांनी थंडपणे विचारलं, "स्वाती मॅडम, ही उत्तरं कोणी तयार केली?"

मी तोंड उघडायच्या आत स्वाती म्हणाली, "मी."

तुम्हाला सांगतो, साहेबाने सगळ्या ऑफिससमोर झापलं तेव्हा मला असं झालं नव्हतं. पोरीची नोकरी चाललीय आणि ती सासऱ्याची लाज झाकतेय. मी बाकड्यावरून उठलो. गुडघा दुखायचं विसरला.

"मॅडम, उत्तर माझं आहे," मी म्हटलं. "आणि ते हवेतून आलेलं नाही. शासकीय नोंद आहे. मूळ नोंदवही इथेच देवस्थानाच्या कार्यालयात असणार. चला, सगळ्यांसमोर उघडू. नोंद चुकीची निघाली, तर ज्याने ती केली त्याचं नाव मी स्वतः फळ्यावर लिहीन."

कोणी सांगितलं होतं मला हे बोलायला?

कार्यालय शेजारीच. व्यवस्थापक डोईफोडे कपाटात डोकं घालून वही शोधू लागले. साठ पोरं दाराशी गोळा. तेवढ्यात प्रांजली नावाची दोन वेण्यांची एक पोरगी स्वातीपाशी आली. तिने आपल्या वहीत टप्प्याटप्प्याने आकडे लिहिले होते: चोपन्न, एक्कावन्न, एकोणपन्नास, सत्तेचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस.

"मॅडम, पायऱ्या वर वर कमी होऊन राहिल्या," ती म्हणाली. "आणि पहिला टप्पा चोपन्नचा आहे. चोपन्न सक तीनशे चोवीस."

डोईफोड्यांनी कपाटातून डोकं बाहेर काढलं.

"म्हणजे गं?" वानखेडे मॅडमनी विचारलं.

"म्हणजे ज्यानं मोजलं ना मॅडम, त्यानं एकच टप्पा मोजला. मंग सहानं गुणलं आन् खालीच बसून राहिला."

पोरं हसली. मीही हसलो. मोठ्याने हसलो, कारण सुटल्यासारखं वाटलं. चूक माझी नव्हती तर. कुठल्यातरी कामचुकार बाबूची होती. मी म्हटलं, "शाबास, पोरी. या असल्या लोकांनीच खात्याचं नाव बुडवलं. मी नोकरीत असताना असा माणूस माझ्या हाताखाली असता, तर त्याची दोन पगारवाढी रोखली असती."

वही आली. लाल पुठ्ठ्याची, कोपरे वाळवीने खाल्लेले. मीच पुढे होऊन पानं उलटली. बासष्टावं पान. 'पायऱ्या: ३२४. प्रत्यक्ष मोजून खात्री केली.'

अक्षर सुरेख होतं. टपोरं, उजवीकडे किंचित झुकलेलं. 'खात्री'मधल्या वेलांटीला एक लांब शेपूट. एवढी लांब शेपूट मी जगात एकाच माणसाच्या अक्षरात पाहिली आहे, आणि त्याचीच दाढी मी रोज सकाळी आरशात करतो.

एकदम सगळं आठवलं. बत्तीसएक वर्षांपूर्वीची दुपार. पिशवीत संत्री. पहिला ओटा, सावली. वर बघितलं, तर तसेच अजून पाच टप्पे. माणूस आहे, गुणाकार येतो, मग चढायचं कशाला? उतरलो आणि खाली बाकड्यावर संत्री सोलत बसलो.

मी अंगठा सहीवर ठेवला आणि पानावर वाकून अभ्यास करू लागलो.

"काका, अंगठा काढा ना गा," डोईफोडे म्हणाले. "नाव दिसून नाही राहिलं."

"शाई उडालीय," मी म्हटलं.

"खाली शिक्का हाये ना. अंगठा काढा."

मॅडमनी स्वतः माझा अंगठा धरला, बाजूला केला आणि नाव वाचलं. मोठ्याने, हजेरी घेतात तसं. स्वातीने पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत, मी विचारलेलं नाही.

"तरीच म्हणलं," दारातून गिरजाबाईंचा आवाज आला, "त्याच बाकड्यावर बसलेलं हे तोंड पाहिल्यासारखं काहून वाटून राहिलं."

बोललो होतो, म्हणून केलं. कार्यालयाबाहेर फळा होता, त्यावर खडूने स्वतःचं नाव लिहिलं. त्यातही सवयीने शेपूट काढली. आणि मागे वळून बघतो तर काय, वानखेडे मॅडम हसत होत्या. अगदी दात दिसेपर्यंत. स्वातीला म्हणाल्या, "पोरगी स्वतःच्या डोक्याने शासकीय नोंद खोटी ठरवते, याहून चांगला गणिताचा तास मी पाहिला नाही. पुढच्या वर्षीही सहल तुम्हीच काढायची."

म्हणजे नोकरी राहिली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही दर वर्षी यायचं. पण आधी ही नोंद दुरुस्त करून द्या. चढा."

चढलो. बत्तीस वर्षं रखडलेलं काम त्या दिवशी पुरं केलं. गुडघे कुरकुरत होते, प्रांजली मागून माझी पिशवी घेऊन येत होती, आणि मी एकेक पायरी ओठ हलवत मोजत होतो. चौथ्या ओट्यावर एका पोराने विचारलं, "आजोबा, पाणी पाह्यजे का?" मी हो म्हटलं, प्यालो, पुढे निघालो.

खाली आल्यावर डोईफोड्यांनी वही पुढे केली. माझ्या मोजणीत दोनशे एकाहत्तर आल्या होत्या.

मी प्रांजलीच्या वहीत चोरून पाहिलं, 'पायऱ्या: २८७' असं लिहिलं, आणि खाली लांब शेपटीची सही ठोकली: प्रत्यक्ष मोजून खात्री केली.