डोरीन विंटलची घोडवाट

डोरीन विंटलच्या मागे सायकल चालवायची म्हणजे दर गुरुवारी स्वतःचा अपमान करून घ्यायचा. बीच नावाच्या उंच झाडांखालचा तो चिखलाचा चढ आला की आम्ही बाकीचे खाली उतरून सायकली ढकलत, धापा टाकत वर पोचतो, आणि ही बाई वरच्या फाटकाला टेकून आरामात सफरचंद खात असते. वय चौऱ्याहत्तर! वर मलाच विचारते, "काय डेस, सायकलीला फिरायला आणलंस वाटतं?" अहो, मी जन्मभर बस चालवली. मला चढावर जोर लावायची नाही, गिअर टाकायची सवय. पण ते ऐकायला ती थांबते कुठे?

तिचं आयुष्य गेलं शाळेच्या स्वयंपाकघरात, पोरांना बटाटे वाढण्यात. नवरा गेला, मुलगा न्यूझीलंडला जाऊन बसला आणि जाताना आपली डोंगरी सायकल शेडमध्ये टाकून गेला. जाडजूड टायरांची, चिखल-दगडांतून जाणारी. फोनवर म्हणाला, आई, विकून टाक ती. विकायची म्हणून डोरीनने ती पुसली, हवा भरली आणि ब्रेक लागतात का बघायला गल्लीच्या टोकापर्यंत नेली. परत आली ती संध्याकाळच्या चहाला. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत काटक्या आणि तोंडभर हसू. विकायचं राहिलंच.

आमच्या नेदरकोट गावाला डोंगर कसले, टेकड्याच. मेंढ्या, ओढे, कुंपणांच्या झुडपांतून जाणाऱ्या वाटा. शहरातली तरणी पोरं येतात, इकडेतिकडे बघतात आणि म्हणतात, उड्या कुठून मारायच्या? डोरीन त्यांना म्हणते, "उड्या घरी मार बाळा, इथे जांभळं तोंड करून घ्यायचं." कारण तिचे सगळे रस्ते ठरतात ते ब्लॅकबेरी कुठे पिकल्यात, रानलसणाला फुलं कुठे आलीत आणि चहा कुठे मिळतो यावर. नियम दोनच. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, आणि समोरून घोडा आला की थांबून मोठ्याने बोलायचं, म्हणजे त्या बिचाऱ्याला कळतं की ही चाकं लावलेली माणसंच आहेत.

या सगळ्या फेरीचा जीव होता हॅदरेलची वाट. विल्फ हॅदरेलच्या घराच्या मागच्या दारावरून निघून, तळ्याच्या कडेने, थेट टेकडीच्या माथ्यावर. ती नसली तर ट्रकच्या हमरस्त्यावरून जावं लागतं, म्हणजे गुरुवार संपलाच. आणि नेमकं तेच झालं. विल्फ थकला, घर तेवढं ठेवून त्याने शेतं लंडनच्या एका साहेबाला विकली, आणि साहेबांनी फाटकाला ही एवढी साखळी घातली. डोरीन साखळीकडे बघत उभी राहिली. मग सायकल वळवून थेट गावाकडे निघाली.

तिने गावाला कामाला लावलं. ती वाट घोडवाट आहे, म्हणजे पायी, घोड्यावर, सायकलवर कुणालाही जायचा हक्क आहे, असं ठरवून घ्यायचं होतं. आमचा कायदा मोठा मजेशीर आहे. लोक वीस वर्षं उघडपणे, भांडण न करता आणि परवानगी न मागता एखाद्या वाटेने गेले, तर ती वाट त्यांची. पण परवानगी मागितली की मेला हक्क! आता सांगा, हा कायदा इंग्रज माणसाला झेपणार आहे का? आम्ही बसमध्ये आमच्या पायावर कुणी पाय दिला तर आम्हीच माफी मागतो.

साहेबांनी हरकत घेतली, म्हणून गावाच्या सभागृहात सरकारी चौकशी झाली. टेबलामागे एक शांत अधिकारीबाई, एका बाजूला साहेबांचा तरतरीत वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. पहिली साक्ष ऑड्री पिमची. घोडा ठेवते, मनाने सोनं.

"परवानगी घेत होता का?" वकिलाने विचारलं.

"अय्या, म्हणजे काय! विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतातून कशी जाईन मी?" ऑड्री म्हणाली, आणि आम्ही डोक्याला हात लावला. तेवढ्यावर तरी थांबावं? "आणि डोरीन तर दर नाताळला मिस्टर हॅदरेलना केकसुद्धा नेऊन देते!"

वकिलाचा चेहरा असा उजळला की बस्स. तिच्यानंतर आणखी दोघांनी तीच माती खाल्ली. सगळं आता डोरीनवर आलं. वीस वर्षं ती वाट तिच्याइतकी कुणीच तुडवली नव्हती.

ती खुर्चीत बसली. अंगात निळा कोट, एरवी फक्त अंत्यविधीला निघणारा.

"परवानगी?" वकील.

"कधी मागितली नाही. त्यांनी कधी अडवलं नाही."

"पण दर नाताळला केक दिलात."

"दिला."

"वाटेने जाऊ देतात म्हणून आभाराचा. बरोबर ना?"

किती गोड विचारलं मेल्याने! हो म्हणायला काय लागतं? चारचौघांत तेच शोभून दिसलं असतं. पण हो म्हटलं की वाट गेली. डोरीन कानापर्यंत लाल झाली होती. कोपऱ्यात चहाच्या मोठ्या भांड्यातलं पाणी गुरगुरत होतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग कशाबद्दल?"

"सांगायलाच हवं का?"

"सांगितलंत तर बरं होईल," अधिकारीबाई हळूच म्हणाल्या.

"मला तो माणूस आवडतो म्हणून," डोरीन म्हणाली. "झालं समाधान?"

बाप रे! माझ्या शेजारी कुणाची तरी बशी खाली पडली. सगळ्या माना मागे वळल्या, कारण शेवटच्या रांगेत, दाराजवळ, गुडघ्यावर टोपी ठेवून विल्फ बसला होता. वकील मात्र हट्टी.

"आणि तो केक घेऊन तुम्ही याच वाटेने..."

"शुद्धीवर आहात का? त्या दगडधोंड्यांतून केक? चुरा झाला असता! मोटारीतून न्यायचे, डांबरी रस्त्याने. पुढच्या दाराची घंटा वाजवायची, हातात द्यायचा, 'नाताळच्या शुभेच्छा, मिस्टर हॅदरेल' म्हणायचं आणि यायचं. त्यांची बायको मेरी गेल्यापासून दर वर्षी."

विल्फ उभा राहिला. तो माणूस महिन्यात दहा शब्द बोलत असेल तर शपथ. "मी बोलू का? परवानगी या बाईंनी मागितली नाही, मी दिली नाही. आणि केक... केक मला वाटलं चर्चतर्फे येतो. एकट्या म्हाताऱ्यांना वाटत असतील. दर जानेवारीत मी पाद्रीबाईंचे आभार मानायचो."

"आणि मला कळायचंच नाही, हे कशाबद्दल बोलताहेत!" पाद्री हिलरीबाई जवळजवळ ओरडल्याच. "आता इतक्या प्रेमाने आभार मानणाऱ्याला 'कशाचे?' असं विचारणं बरं दिसतं का?"

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. अधिकारीबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. विल्फ मात्र हसत नव्हता. तो डोरीनकडे बघत होता.

"पुढच्या दाराने का आणलास, डोरीन?" गावात कुणी त्याला तिला अशी नुसत्या नावाने हाक मारताना ऐकलं नव्हतं. "पुढच्या दाराने पाद्री येतात नाहीतर पोलीस. आपलं माणूस मागच्या दाराने येतं. दर गुरुवारी तर तिथूनच जात होतीस."

"कधी बोलावलंत का?" डोरीनने विचारलं. "एकदा तरी?"

"मग आता बोलाव..."

"थांबा!" डोरीन खुर्चीतून उडालीच. "एक शब्द बोलू नका! परवानगी होईल ती!"

वकील अर्धा उठलेलाच होता. विल्फने उघडलेलं तोंड मिटलं. "बरं," तो म्हणाला. "थांबतो."

अधिकारीबाई म्हणाल्या की चौकशी गेलेल्या वर्षांची आहे, आज काय बोललं जातं त्याची नाही. पण डोरीनला धोका पत्करायचाच नव्हता. निकाल यायला वसंत उजाडला. तोवर ती दोघं दुकानात भेटली की हवेबद्दल बोलायची आणि एकमेकांच्या बुटांकडे बघायची. आम्ही सगळे तापलो होतो. अरे, जन्म जाईल तुमचा! पण नाही. ती म्हणायची, वाट आधी, बाकी सगळं नंतर, कारण वाट गेली तर त्याच्या मागच्या दाराशी मी जाऊ कुठून?

निकाल आमच्या बाजूने लागला. ऑड्रीच्या परवानग्या मोजल्या नाहीत, डोरीनचे गुरुवार मोजले. साखळी निघाली, फाटकावर घोडवाटेचा निळा बाण लागला, आणि आम्ही सगळे निघालो. उतारावर ती अशी सुटली की मला तिच्या मागचा चिखलच दिसत होता, तोही माझ्याच चष्म्यावर.

मागचं दार सताड उघडं. विल्फ उंबऱ्यात, इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. डोरीनने ब्रेक दाबला. तो काहीच बोलेना. बोललं तर परवानगी होईल, म्हणून बिचारा अजूनही घाबरत होता.

"वाट आता माझ्या हक्काची आहे, विल्फ," डोरीन म्हणाली. "दार तुझं आहे. ते मी मागितल्याशिवाय ओलांडणार नाही. येऊ का आत?"