खोट्या मरणाचा कडू घास

दुपारच्या सुट्टीत फोन आला. "आक्का गेली... सकाळी उठलीच न्हाई. तुम्हाला सांगावं वाटलं." आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. मंगलताईचा धाकटा भाऊ. इतक्या वर्षांनी फोन केला, तोही हे सांगायला. याला महिना होऊन गेला, पण माझा राग काही तिच्याबरोबर गेलेला नाही.

कुंभार पिंपळगावात आम्ही दोघी एकाच शाळेत शिक्षिका, भाड्याच्या खोल्याही लागून. ती मोठ्या शेतकरी घरातली, आम्ही बौद्ध. पण दुपारी माझा डबा आधी तीच उघडणार. शेंगदाण्याची चटणी तर मला उरूच द्यायची नाही. एका रविवारी आम्ही जालन्याला पिक्चर पाहायला गेलो. प्रेमाची गोष्ट, जात आडवी आलेली. मारायला माणसं मागे लागलेली मुलगी मुलाच्या दारावर थापा मारते, त्याची मोठी बहीण आतून कडी काढत नाही, आणि पोरीचा दारातच जीव जातो. मंगलताई भर थेटरात उभी राहिली. "सटवे, दार उघड की!" मागचे लोक ओरडायला लागले, तेव्हा मी पदर ओढून तिला खाली बसवलं. परत आल्यावर संध्याकाळी तिचा स्टोव्ह पेटला नाही. मयत झालेल्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भाकरी नेऊन देतात; आमच्याकडं त्याला कडू घास म्हणतात. मी चेष्टेनं तसाच डबा घेऊन गेले. "घ्या ताई, कडू घास." ती हसली नाही. माझ्या हातून पहिला घास घेतला आणि हमसून हमसून रडली... "सुनंदा, लेकरू दारात मेलं गं."

त्या रडण्यावर मी भरवसा ठेवला. तिचा हा धाकटा भाऊ अंकुशनगरला साखर कारखान्यात होता. बहिणीला ज्वारी पोचवायला यायचा, मग ज्वारी नसली तरी यायला लागला. आम्ही लग्न करायचं ठरवलं तेव्हा मीच त्याला म्हटलं, आधी ताईंना सांगू, त्या आपल्या बाजूनं उभ्या राहतील. तिनं सगळं ऐकून घेतलं. चहासुद्धा केला. पुढच्या आठवड्यात भावाचा साखरपुडा झाला. मुलगी तिनंच बघितली होती. मी जाब विचारायला गेले, तर कपबशी विसळत म्हणाली, "बाई, ते पिच्चर होतं."

मी बदली करून घेतली. तो गप्प बसला याचाही राग आला होता, तो हळूहळू विरला. तिच्यावरचा विरला नाही. तिचं रडणं खोटं असतं तर तिला ढोंगी म्हणून मी मोकळी झाले असते. ते खरं होतं, हेच मला पचत नाही.

फोन आला त्या दिवशी मी पिठलं-भाकरी केली आणि डबा घेऊन त्यांच्या गावी गेले. का गेले, सांगता येत नाही. भावजयीनं दारातच डबा हातात घेतला. "तुमी सुनंदाबाई ना? आक्का लई सांगायच्या तुमचं. पिच्चर बघून आल्यावर तुमी कडू घास आणल्ता ते... सांगताना दरवेळी रडायच्या." पुढचं तिला कुणी सांगितलेलं दिसलं नाही. तो ओसरीवर मान खाली घालून बसला होता. "आत या की, दारात का उभ्या?" ती म्हणाली. मी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले आणि फिरले.

सकाळी डबा भरताना हात अजून चटणीचा एक चमचा जास्त घालतो, तिच्या वाट्याचा. मग रागानं मी तो परत काढते, आणि बरणीचं झाकण लावताना रोज तिला विचारते... ताई, त्या पडद्यावरच्या पोरीसाठी एवढं रडलात, मी तर तुमच्या शेजारच्या खोलीत होते.