आत्याचं ‘हें सगळं’

आमच्या घरात भाषांची वाटणी कुणी बसून केली नव्हती, ती होऊन गेलेली होती. जेवणखाण, आंघोळ, आजारपण, रुसवेफुगवे मराठीत. भाजीवाला, ऑटोवाला, शेजारपाजार तमिळमध्ये. आणि पुस्तकातलं, परीक्षेतलं, जे काही डोक्याचं म्हणून असेल ते इंग्रजीत. तंजावूरच्या आमच्यासारख्या बऱ्याच मराठी घरांत असंच चालतं. देवनागरी मी शिकलो तीही मोठेपणी, हौस म्हणून.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली आणि इथल्या मुलींच्या एका कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. अर्थात इंग्रजीत. तिच्या विद्यार्थिनी स्वतः आज्या व्हायला आल्या, तरी रस्त्यात ती दिसली की पदर सारखा करतात. मी विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो. त्याबद्दल तिनं मला कधी बोल लावला नाही, पण माझ्याकडे बघून एक सुस्कारा मात्र ती न चुकता सोडायची.

गेल्या उन्हाळ्यात तिला झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंडातली इंग्रजी गेली आणि तमिळही जवळजवळ गेली. उरली ती फक्त घरची मराठी. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एक भाषा राहते आणि दुसरी जाते, कदाचित हळूहळू परत येईल. आम्ही माना डोलावल्या आणि घरी येऊन आमच्या पद्धतीनं अर्थ लावला. इंग्रजी गेली म्हणजे इंग्रजीत जे होतं तेही गेलं. मग आम्ही तिच्याशी मराठीत जे बोलायचं तेवढंच बोलू लागलो. भात वाढू का, पंखा लावू का, पाय चेपू का. तीही तेवढ्यालाच उत्तर द्यायची. एवढी बाई, आणि तिच्यात आता ताकभात तेवढा उरलाय, असं मला वाटायचं.

मार्गळी महिन्यातली, ऐन थंडीतली, धुक्याची सकाळ होती. बायकोनं दारात तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढलं होतं, ठिपक्यांभोवती वळत वळत जाऊन जिथून निघाली तिथेच येऊन मिळणाऱ्या एकाच रेघेचं. आत्या ओट्यावर खुर्चीत बसून डाव्या हातात चमचा धरून खिचडीसारखं पोंगल खात होती. डाव्या हातानं जेवायची तिला लाज वाटे, म्हणून मी मुद्दाम पेपरात डोकं घातलं होतं. बारावीतली माझी मुलगी पायरीवर शाळेतल्या भाषणाची तयारी करत होती. विषय होता, विश्व आणि त्यातलं द्रव्य अनंत आहे का. तिनं मला इंग्रजीत विचारलं, तुला काय वाटतं?

“अनंतच,” मी पेपरातूनच म्हणालो. “त्याला शेवट नाही ना? मग झालं.”

“नव्हें,” आत्या म्हणाली.

पोंगल नको असेल, असं वाटून मी तिची वाटी उचलली.

“तें ठेव. शेवट नाही म्हणून अनंत असं नव्हें.” तिनं चमचा कोलमाकडे केला. रेघेवरून एक मुंगी पीठ खात चालली होती. “ती मुंगी पहा, पोरी. तिज शेवट सांपडेल की?”

मुलगी तमिळमध्ये म्हणाली, कसा सापडेल, रेघ जोडलेली आहे.

“मग कोलम केवढें? दाराएवढें. शेवट नाही, पण दाराएवढेंच. हें सगळं तसेंही असेल.” चमचा रस्त्यावरून समोरच्या गच्चीवर आणि तिथून आभाळात गेला. विश्व, ब्रह्मांड हे शब्द आमच्या घरच्या मराठीत कधी आलेच नव्हते. ‘हें सगळं’ एवढ्यावर तिचं भागलं.

मी पेपर खाली ठेवला. मुलगी अडखळत, अर्ध्या मराठीत म्हणाली, “पण मोजलं तर ह्या सगळ्याला वाक दिसत नाही म्हणतात.”

आत्याचा चेहरा उजळला. “होवे! मुंगीस नाकापुढचें पीठ तेवढें दिसतें. कोलम गांवाएवढें असलें तर तिज रेघ सरळच वाटेल. की खरेंच सरळ असेल, कुठेंच न मिळणारी. तें धुकें पहा. तिथें रस्ता संपला म्हणशील? हें सगळंही तसेंच. फार लांबचा उजेड निघाला आहे, आपल्याकडे पोंचला नाही, इतकेंच.”

“आणि रेघ अनंत असली तर पीठही? म्हणजे मॅटर?” मुलीनं विचारलं.

शब्द शोधत आत्यानं चमचा रेघेच्या दिशेनं हवेत फिरवला.

“पीठ असेंच सगळीकडे पसरलें असेल, तर तेंही संपायचें नाही. मग पहा मजा. थोड्या ठिपक्यांचीं कोलमें मांडून मांडून किती तऱ्हेचीं मांडशील? केव्हांतरी तीच तऱ्हा परत येणार. लांब कुठेंतरी असेंच दार, अशीच पोर. आणि मीही.” ती वाकड्या ओठानं हसली. “तिथली मी हें इंग्लिशांत सांगत असेन.”

मुलगी खदखदून हसली. मला मात्र तेव्हा उमगलं. काहीच गेलं नव्हतं. जन्मभर मी या बाईला भ्यायलो होतो, तिचा अभिमान बाळगला होता, पण ती काय शिकवते हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. मोठा एकही शब्द हाताशी नसताना तिनं सगळं आकाश ओट्यापुढे आणून मांडलं होतं. असं शिकवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

“मग आत्या, शेवटी अनंत आहे की नाही?” मी विचारलं.

“माहीत नाही.”

मला वाटलं, झालं. इतका वेळ बोलून थकली, सुटलं सगळं हातातून. मी उठलो आणि आजाऱ्याशी बोलतात त्या लाडिक सुरात म्हणालो, “पुरे आता. दमलीस. चल, आत निजूया थोडं.”

तिनं चमचा वाटीवर आपटला.

“मज माहीत नाही असं नव्हें रे! कोणासच माहीत नाही. ह्यांत फरक आहे. कळला की?”

“कळला,” मी म्हणालो.

“काय कळला तें सांग.”

मी ओट्यावर उभा राहून, घरच्या मराठीत, सांगायला लागलो.